गरम चहा आणि थंड पाणी दोन्ही सोसणारे कोस्टर घरी कसे करावेत

परभणीहून एका भगिनींनी विचारले आहे की, धाकट्या बहिणीच्या वास्तुशांतीला भेट देण्यासाठी त्यांनी एमडीएफच्या १२ गोल चकत्या आणून त्यांवर फुलांचे नॅपकिन चिकटवले आणि वरून फेव्हिकॉलमध्ये पाणी मिसळून त्याचे तीन हात दिले. कोस्टर दिसायला देखणे झाले. परंतु देण्यापूर्वी घरी वापरून पाहिले तेव्हा गरम चहाच्या स्टीलच्या ग्लासाला चित्राचा तुकडा चिकटून निघाला, थंड पाण्याच्या ग्लासाखाली पांढुरके वर्तुळ उमटले आणि दोन चकत्यांच्या कडा फुगल्या. चूक कोठे झाली, आणि घरातल्या साध्या सामानातून टिकणारे कोस्टर कसे करता येतील, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी छत्रपती संभाजीनगरला गेली १९ वर्षे हस्तकलेचे वर्ग घेते आणि मराठवाड्यातील बचत गटांच्या महिलांनाही शिकवते. त्या अनुभवावरून प्रथम हे सांगते की, आपण कोस्टर आधी वापरून पाहिलेत हे फार चांगले केलेत. बहुतेक जणी चित्र, रंग आणि चकाकी यांवर सगळी मेहनत घेतात, आणि कोस्टर हे ताप व पाणी सोसण्याचे साधन आहे ही गोष्ट मागे पडते. त्यामुळे कोस्टर करायला बसताना चित्र कोणते घ्यावे हा प्रश्न शेवटी यावा. त्यावर काय ठेवले जाणार आहे, हा आधी. चहाचा ग्लास आणि फ्रिजमधल्या पाण्याचा ग्लास यांची मागणी वेगवेगळी आहे, आणि एकच कोस्टर दोन्ही कामे उत्तम करील असे थोडेच प्रकार आहेत.

आता आपल्या तीन तक्रारींची कारणे पाहू. पांढरा फेव्हिकॉल वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून तो वॉर्निशसारखा वाटतो. परंतु तो मुळात पाण्यात कालवलेला गोंद आहे आणि वाळल्यानंतरही ओल लागली की पुन्हा मऊ होऊन दुधाळ दिसू लागतो. आपल्या कोस्टरवर उमटलेले पांढुरके वर्तुळ बहुधा तेच आहे. बोअरच्या जड पाण्याचा तो डाग असेल, अशी शंका अनेकींना येते. पण थंड ग्लासाच्या बाहेर जमणारे थेंब हवेतल्या बाष्पाचे असतात, त्यांत क्षार नसतात. क्षाराचा डाग फक्त ग्लासातून सांडलेल्या पाण्याचा पडतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: व्हिनेगरमध्ये किंचित ओला केलेला कपडा हलक्या हाताने फिरवल्यावर डाग गेला तर तो क्षाराचा, आणि वर्तुळ तसेच राहून बोटाला चिकटपणा जाणवला तर तो गोंदाचा.

चित्र ग्लासाला चिकटण्याचे कारण उष्णता हे आहे. फेव्हिकॉल काय, किंवा पाण्यात मिसळणारी साधी ॲक्रिलिक वॉर्निश काय, दोन्ही ऊब लागली की नरम पडतात. कपाला जाड बूड असते आणि आपल्याकडे त्याखाली बशीही असते, त्यामुळे कपाचा ताप खाली फारसा पोहोचत नाही. स्टीलच्या ग्लासाचे बूड मात्र पातळ असते आणि उकळता चहा ओतताच ते चहाइतकेच तापते. नरम झालेल्या थरावर भरल्या ग्लासाचे वजन पाच-दहा मिनिटे राहिले की दोन्ही एकमेकांना धरतात, आणि ग्लास उचलताना सर्वांत दुबळा थर, म्हणजे नॅपकिनचा कागद, फाटून वर येतो. म्हणून चहासाठी कोस्टर करायचा असेल, तर ज्यावर ग्लास टेकतो त्या पृष्ठभागावर गोंदाचा किंवा साध्या वॉर्निशचा थरच नसावा, हा माझा कायमचा आग्रह आहे.

कडा फुगल्या, कारण एमडीएफ हा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पत्रा असतो. त्याचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग घट्ट असतो, पण कापलेली कड टीपकागदासारखी पाणी पिते, आणि एकदा फुगलेली कड वाळल्यावर पूर्ववत बसत नाही. आपण बहुधा वरच्या बाजूला तीन हात दिले आणि कड व पाठ तशीच ठेवली. मी स्वतः आरंभीच्या काळात एका प्रदर्शनासाठी ४० चकत्या अशाच केल्या होत्या आणि जुलैच्या दमट हवेत त्यांतल्या कितीतरी नुसत्या कपाटात ठेवूनच वाकल्या. एका बाजूला लेप आणि दुसरी बाजू कोरी राहिली की दोन्ही बाजूंची ओल शोषण्याची गती वेगळी होते आणि चकती द्रोणासारखी वळते.

आपल्या १२ चकत्या टाकून देऊ नका. वरचा थर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने नरम करून खरवडून काढा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि १२० नंबरच्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. ज्या दोन फुगल्या आहेत त्या बाजूला ठेवा. उरलेल्या दहांना वर, खाली आणि कडेला तेलात कालवलेला लाकडाचा प्रायमर दोन वेळा लावा, कडेला तिसरा हातही द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा आणि मध्ये हलके घासायचे, एवढे पथ्य पाळा. नॅपकिन लावताना त्याचे दोन किंवा तीन पदर असतात हे लक्षात घ्या. छापील असा फक्त वरचा पदर सोडवून घ्यावा, कारण खालचे कोरे पदर राहिले तर गोंद आत मुरत नाही आणि तिथूनच पुढे पोपडे निघतात. कागद चिकटला की एक रात्र जाऊ द्या. त्यानंतर लाकडासाठीचे पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश पातळ हाताने तीन वेळा, दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ ठेवून आणि ४०० नंबरच्या कागदाने अगदी अलगद घासून लावा. वॉर्निशचा वास घातक असतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीजवळ करावे आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये.

येथे बहुतेकींचा संयम सुटतो. वॉर्निश हाताला कोरडे लागणे आणि आतून पक्के होणे यांत मोठे अंतर असते. मी उन्हाळ्यात किमान आठ दिवस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस कोस्टर उघड्या जागी, एकमेकांवर न रचता ठेवते. एवढे करूनही नॅपकिनचे हे कोस्टर पाणी, सरबत आणि ताक यांच्यासाठीच द्यावेत, चहासाठी नव्हे. चहालाही ते वापरायचे असतील तर वरच्या बाजूला मधोमध ७ सेंमी व्यासाची कॉर्कची पातळ चकती बसवा आणि चित्र केवळ भोवतीच्या वलयात ठेवा. ग्लास कॉर्कवर टेकेल आणि फुले त्याच्याभोवती दिसतील. ही रचना माझ्या डोळ्यांना तर पूर्ण चित्रापेक्षाही अधिक शोभते.

आपल्या प्रदेशाच्या हवेविषयी एक गोष्ट सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, परंतु हवा कोरडी असते, त्यामुळे थंड ग्लासाला त्या मानाने कमी पाणी सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कमी असूनही त्याच ग्लासाखाली थारोळे साचते. म्हणजे कोस्टरची पाण्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. उन्हाळ्यात मात्र गोंदाची परीक्षा असते: ग्लू गनने चिकटवलेल्या वस्तू उन्हात उभ्या केलेल्या गाडीत राहिल्या तर सुटून येतात. ग्लू गनचा गोंद उष्णतेने वितळूनच चिकटतो, तेव्हा उष्णतेने तो पुन्हा सुटणार, यात नवल नाही. तरीही सुतळीचे कोस्टर ग्लू गनने करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. घरातल्या सामानातून कोणते कोस्टर करावेत, असे मला कोणी विचारले तर माझे पहिले उत्तर वाकळीचे कोस्टर हेच असते. मराठवाड्यात क्वचितच असे घर सापडेल, जेथे आजीच्या हातची गोधडी किंवा वाकळ नाही. जुनी सुती लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून कडेपासून आत आत धावदोरा घालत जाण्याची ती रीत कोस्टरला जणू मापाने बेतल्यासारखी लागू पडते. सुती कापड पाणी शोषते, चहाचा ताप सोसते, त्यावर गोंद किंवा वॉर्निश लागत नाही आणि मळले तर धुता येते. आपल्या तिन्ही तक्रारींना या एका प्रकारात जागाच नाही.

कापड पूर्ण सुती असल्याची खात्री आधी करून घ्या. पॉलिस्टर मिसळलेले कापड पाणी शोषत नाही, थेंब त्यावरून घरंगळून टेबलावर येतो. नवे कापड असेल तर ते गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा, अन्यथा पहिल्या धुण्यात कोस्टर आक्रसून वेडावाकडा होतो. रंग जातो का, हे पाहण्यासाठी ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून धरा. ओटीत आलेल्या लाल, जांभळ्या खणांचे तुकडे वापरण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण रुमालावर रंग उतरला तर तो खण बाजूला ठेवावा, कारण तोच रंग उद्या बहिणीच्या टेबलावर उतरेल.

वरच्या आणि खालच्या बाजूसाठी १२ सेंमीचे दोन चौरस कापा आणि आत भरण्यासाठी जुन्या सुती टॉवेलचे १० सेंमीचे तीन चौरस घ्या. दोन्ही मोठे चौरस सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवा, कडेपासून एक सेंमी आत शिवण घाला, एका बाजूला ५ सेंमी जागा मोकळी सोडा, कोपऱ्यांवरचे जादा कापड तिरके छाटा आणि मोकळ्या जागेतून कापड उलटवून घ्या. टॉवेलचे तुकडे जरा दुमडून आत सरकवा, चारही कोपरे बोटाने नीट बसवा आणि मोकळी जागा बारीक टाक्यांनी बंद करा. यानंतर खरे काम आहे ते धावदोऱ्याचे: जाड सुती दोरा घेऊन कडेपासून अर्धा सेंमी आत पहिली चौकट, तिच्या आत पाऊण सेंमीवर दुसरी, असे मध्यापर्यंत जायचे. या टाक्यांच्या ओळींनी पाचही पदर एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे एका जागी पडलेले पाणी सर्व पदरांत पसरते आणि कोस्टर धुतल्यावर आतले कापड गोळा होत नाही. दोरा ओढून घट्ट करू नका. ताण जास्त झाला की कोस्टरचा मध्य फुगतो, ग्लास त्यावर डुगडुगतो, आणि मग कितीही इस्त्री फिरवली तरी तो सपाट होत नाही; नवशिक्या हातांची ही चूक मी सर्वांत अधिक वेळा पाहिली आहे. कापडाच्या विरोधी रंगाचा दोरा घ्या, कारण टाके हीच येथे नक्षी आहे. सरावल्या हाताला एका कोस्टरला दीड तास पुरतो.

एक उणीव प्रामाणिकपणे सांगायला हवी. ग्लास तासभर तसाच राहिला तर ओल शेवटी कापडातून खाली उतरते. टेबल काचेचे किंवा सनमायकाचे असेल तर काही बिघडत नाही. पॉलिश केलेल्या सागवानी टेबलासाठी मात्र टॉवेलच्या पदरांखाली जुन्या रेनकोटच्या कापडाचा एक चौरस घालावा. असा कोस्टर तापलेल्या इस्त्रीखाली धरू नये, आतले कापड वितळते.

याच रीतीने हिमरूच्या तुकड्यांचे कोस्टर फार भारदस्त होतात. सुती आणि रेशमी धाग्यांचे हे विणकाम आमच्या शहराची ओळख आहे; १३२७ साली मोहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांशी त्याचे मूळ जोडले जाते. हिमरूच्या उलट बाजूला नक्षीचे धागे मोकळे सुटलेले असतात, म्हणून त्याला पातळ सुती अस्तर आधी टाचून घ्यावे, नाहीतर कापताना कड उसवत जाते. रेशीम असल्यामुळे तो पाण्याच्या ग्लासाखाली न ठेवता फुलपात्राखाली किंवा शोभेच्या वस्तूखालीच वापरावा. जुन्या पैठणीचा पदर कापून कोस्टर करावेत का, हेही मला पुष्कळदा विचारले जाते. माझे उत्तर नेहमी नकाराचे असते. ओल लागून जरीचे धागे काळे पडतात, आणि विणकराने महिनोन् महिने खपून घडवलेले मोर ग्लासाखाली ठेवण्यासाठी नाहीत. फाटलेल्या पैठणीचा पदर चौकटीत बसवून भिंतीवर लावावा.

सुतळीचा कोस्टर सर्वांत स्वस्त आणि मुलांनाही जमणारा आहे. १० सेंमी व्यासाच्या चकतीला ३ मिलिमीटर जाडीची सुतळी सुमारे पावणेतीन मीटर लागते. जाड पुठ्ठ्याऐवजी गोणपाटाची गोल चकती तळाला घ्या, कारण पुठ्ठा ओलीने लिबलिबीत होतो. मध्यापासून वेटोळे घालत जा आणि गोंद फक्त खालच्या बाजूला, बोटभर अंतरावर लावा. पाण्यात टिकणारा फेव्हिकॉल मरीन यासाठी चांगला. वेढे बाजूने एकमेकांना दोऱ्याने टाचले तर गोंदही लागत नाही आणि तो कोस्टर कित्येक वर्षे जातो. आडत बाजारातून बारदान्याचा तुकडा आणणार असाल तर तो धान्याचाच आहे, खताचा किंवा फवारणीच्या औषधाचा नाही, याची खात्री करा. ताग ओलसर राहिला की पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, म्हणून ऊन पडेल त्या दिवशी हे कोस्टर बाहेर ठेवावेत.

घरबांधणीतून उरलेल्या टाइलचे १० सेंमीचे तुकडे फरशीवाला कापून देतो. ताप सोसण्यात टाइलला तोड नाही; फक्त तिच्या खाली फेल्ट (दाबून केलेले जाड, मऊ कापड) किंवा कॉर्क रबरी गोंदाने बसवा, नाहीतर ती टेबलाला ओरखडे पाडते. चकचकीत टाइलवर पाणी साचून ग्लास तिला चिकटतो आणि उचलताना कोस्टरही उचलला जातो, म्हणून खरखरीत, मॅट टाइल निवडा. कुंभाराकडून करून घेतलेली भाजक्या मातीची बिनलेपाची चकती याहूनही चांगली. माठ जसा पाणी पितो, तशी ती ग्लासाखालचे पाणी ओढून घेते. तिच्यावर वॉर्निश लावले की तिचा हा गुण जातो. रंगवायची असेल तर केवळ कडेला रंगवा.

नक्षीसाठी दूर कोठे जाण्याची गरज नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर एकात एक वर्तुळे आणि त्यांच्या पट्ट्यांत वेली, फुले, हंसांची ओळ अशी रचना आहे. गोल कोस्टरला याहून साजेसा आराखडा मला ठाऊक नाही. तेथील गेरू, पिवळी माती, हिरवा, काजळी आणि चुन्याचा पांढरा एवढेच रंग घेतले, आणि एखाद्याच जागी निळा ठेवला, तर सहा कोस्टरांचा संच एका हातचा वाटतो. काळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी पेनाने बिदरी (काळ्या धातूवरच्या चांदीच्या नक्षीकामाच्या) पद्धतीची वेल काढणेही नवशिक्यांना जमते.

रेझिनच्या, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या पातळ राळेच्या, कोस्टरांविषयी आपण विचारले नाही, परंतु पुढे मोह होईल म्हणून थोडक्यात सांगते. १० सेंमी व्यासाच्या आणि ५ मिलिमीटर जाडीच्या एका कोस्टरला सुमारे ४० मिलिलिटर रेझिन लागते, आणि त्यात हार्डनरचे प्रमाण बाटलीवर लिहिल्याप्रमाणे तंतोतंत मोजावे लागते; अंदाजाने ओतले तर ते कायम चिकट राहते. मेच्या दुपारी ते पेल्यातच तापून घट्ट होऊ लागते, म्हणून काम पहाटे करावे. दमट हवेत त्यावर धुरकट, तेलकट पापुद्रा येतो. साधे रेझिन ५०-६० अंशांच्या पुढे नरम पडते, तेव्हा उकळत्या चहाच्या ग्लासाचा ठसा त्यावर उमटणारच. कातडीला त्याची ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की ती सुटत नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीला याच कारणाने हे काम सोडावे लागले. हातमोजे आणि मोकळी हवा यांच्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये.

वास्तुशांतीच्या भेटीसाठी माझी सूचना अशी: वाकळीचे सहा कोस्टर चहासाठी करा, आणि दुरुस्त केलेल्या चकत्यांपैकी चांगल्या सहा कॉर्कच्या मध्यासह पाण्यासाठी द्या. बांधून देण्यापूर्वी प्रत्येक प्रकारातील एक कोस्टर तपासा. स्टीलच्या ग्लासात उकळते पाणी भरून तो १५ मिनिटे त्यावर ठेवा आणि सरळ वर उचला. थोडाही चिकटला तर वॉर्निश अजून कच्चे आहे, आणखी आठ दिवस थांबा. मग बर्फाच्या पाण्याचा ग्लास दोन तास ठेवून खालचे टेबल हाताने चाचपा. वाकळीचे कोस्टर देताना त्यांच्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी: हाताने धुवावेत, पिळू नयेत, सपाट पसरून सावलीत वाळवावेत.